सतरा जणांचं रक्त आणि गाळलेली एक ओळ

जुन्नर, ता. ११ फेब्रुवारी २००२

तीर्थरूप कुंडलिकमामांना सुदर्शनचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? साळुमामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. (त्यांनी दिलेली लसणाची चटणी संपली. हे मागणी म्हणून लिहीत नाही.) इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, पण क्षेम नाही.

अकरा गावांच्या दवाखान्यांतली रक्तदात्यांची यादी माझ्या प्रोग्रामवर चालते, हे तुम्हाला सांगायला नको. लोणीची तर तुम्हीच सांभाळता. हा प्रोग्राम वीसेक तुकड्यांत लिहिलेला असतो. ते जोडून चालता प्रोग्राम तयार करायचा, याला आमच्यात बिल्ड म्हणतात, आणि कुठला तुकडा कशाने जोडायचा ते ओळीओळीने एका फाइलीत लिहिलेलं असतं. दिवाळीनंतर मी नवा कॉम्प्युटर घेतला आणि प्रोग्रामही नवा केला. जुन्या यादीत पॉझिटिव्ह रक्तगटाच्या माणसापुढे नुसतं अधिकचं चिन्ह असायचं. नव्याला ‘पॉझिटिव्ह’ हा अख्खा शब्द लागतो. तो दिसला नाही की माणूस निगेटिव्ह. म्हणून जुनी यादी बदलून देणारा एक तुकडा सोबत जायला हवा होता. पण तो जुन्या कंपायलरनेच, म्हणजे लिहिलेलं कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवणाऱ्या जुन्या प्रोग्रामनेच, तयार होतो, आणि जुना कंपायलर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. बिल्ड रोज त्याच ओळीवर अडायचं. पाचव्या दिवशी मी त्या ओळीपुढे खूण केली, म्हणजे कॉम्प्युटरने ती वाचायचीच नाही. बिल्ड झरझर पार पडलं. चुका शून्य, असं पडद्यावर आलं. (मी तपासूनही पाहिलं, पण माझ्याकडची यादी नव्या पद्धतीचीच होती.) अकरा फ्लॉप्या एसटीच्या कंडक्टरांकडे दिल्या आणि स्टँडवर मिसळ खाल्ली.

गेल्या मंगळवारी दुपारी पिंपळवंडीच्या गेणभाऊंची सून आरती बाळंतपणाला एका खासगी दवाखान्यात होती. रक्तस्राव थांबेना. रक्तगट ओ निगेटिव्ह, शेकड्यात एखाद-दुसऱ्याचा. डॉक्टरांनी पुण्याला फोन लावला होता, तेवढ्यात पिंपळवंडीच्या नर्स लंकाबाईंचा निरोप आला की आमच्या गावात ओ निगेटिव्ह बेचाळीस आहेत. डॉक्टर चकित झाले, पण पुण्याचा फोन त्यांनी ठेवून दिला. अर्ध्या तासात सतरा जण पिकअपमधून आले, बाह्या वर करूनच. त्यात अडुसष्ट वर्षांचा चिमाजी, ज्याचं रक्त या वयात कोणी घेतलंच नसतं. तो सगळ्यात पुढे. एकेकाची तपासणी झाली. पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह. जो तो नापास झाल्यासारखा बाहेर येऊन भिंतीला टेकायचा. अकराव्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा पुण्याला फोन लावला. रक्त यायला तीन तास लागले. आरती वाचली. मुलगी गेली. रक्त वेळेवर आलं असतं तरी तिचं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर मला म्हणाले. ते खरं होतं की मला धीर द्यायला, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पिंपळवंडीला गेलो. गेणभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मशीनला काय कळतंय, राव. तुमी तरी काय करनार?” आणि आत चहा सांगितला. मी तो प्यायलो. निघताना त्यांनी विचारलं, “चिमाजी रोज येतो. इचारतो, माझ्या रक्तात काय खोट व्हती का? त्याला काय सांगू?” मी म्हटलं, खोट नाही, रक्त चांगलं आहे. ते म्हणाले, “मग घेतलं का न्हाई, असं इचारल त्यो.” मी चपला घातल्या आणि निघालो. (उत्तर होतं माझ्याकडे.)

लोणी सोडून बाकीच्या नऊही गावांना फोन करून यादी बंद ठेवायला सांगितलं आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुदर्शन

ता.क. जुना कंपायलर आता फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर उरला आहे; माझा जुना कॉम्प्युटर मी विकला, आणि बाकी गावांत नव्या फ्लॉपीने जुना प्रोग्राम आणि त्याच्यासोबतचा कंपायलर पुसला गेला. “चालतंय ते मोडत न्हाई” म्हणून नवी फ्लॉपी न घालता परत पाठवणारे तुम्ही एकटेच होता. (मी ही गोष्ट इथे चार जणांना हसत सांगितली होती.) गुरुवारी येतो. तोवर त्याला कोणाचा हात लागू देऊ नका.

ता.क. दोन. गेणभाऊंना सगळं सांगितलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. कॉम्प्युटर बिघडला, एवढंच सांगितलं. त्या ओळीचं कोणालाच माहीत नाही, तुम्हालाच पहिल्यांदा लिहितोय. कंपायलर मी कसाही मिळवीन. गुरुवारी तुम्ही माझ्याबरोबर पिंपळवंडीला याल का? बोलेन मीच. पण एकटा गेलो तर पुन्हा न बोलताच परत येईन, हे मला आता ठाऊक झालं आहे.