तेजोमेघावर मास्तर

मास्तर, तुमच्या पुण्यतिथीचा बॅनर गुलमंडीच्या तोंडाशी लागला होता आणि तो पाहून मला शिसारी आली. तुमच्याच मुलानं बनवलेला. मधोमध तुम्ही, खाली हात जोडलेले होतकरू पुढारी. त्यातल्या एकानंही तुम्हाला जिवंतपणी पाहिलं असेल असं वाटत नाही. आणि तुमच्या मागं जांभळ्या-गुलाबी रंगाचा जो चिखल दिसत होता, तो मी दुर्बिणीतून फोटो काढलेला मृग नक्षत्रातला तेजोमेघ.

शहरातून तो आता धड दिसत नाही, दिव्यांनी आकाश पांचट झालंय. म्हणून दोन हिवाळे दुर्बीण गाडीत घालून कन्नडच्या पुढं घाटावरच्या माळावर जात होतो. ज्या धनगराच्या रानात मी तिवई रोवायचो, तो बिचारा माझ्यासाठी कुत्री बांधायचा आणि वाड्यावरचा दिवा मालवायचा. तारे सरकतात, त्यांच्यामागं दुर्बिणीनंही सरकायचं असतं. वारा आला की फोटो वाया, भिंगावर दव धरलं की फोटो वाया. उरलेले शेकडो फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक बसवले, तेव्हा कुठं फिकट लालसर धुराच्या पोटात चार बारीक तारे सुटे दिसले. तुमच्या स्टुडिओत आयुष्यभर लग्नाचे आणि पासपोर्ट साइज फोटो काढले मास्तर. माझं म्हणावं असं एवढंच एक चित्र आहे.

ते छापायला मी तुमच्याच दुकानात गेलो, ही माझी अक्कल. डार्करूम होती तिथं आता फ्लेक्सचं मशीन धडधडतं. पोरानं माझी फाइल ठेवून घेतली आणि न विचारता वापरली. जाब विचारायला गेलो तर तो तंबाखू मळत मला समजावू लागला. "फिका लई होता काका, जरा रंग उठवला. अन् बाबांचाच बोर्ड हाय, कुणा परक्याचा हाय का?" वर चहा मागवला. मी तो प्यायलो नाही. नेमक्या त्या चार ताऱ्यांवर त्यानं तुमचा चेहरा चिकटवला होता.

आणि चेहरा तरी कोणता? मी तुमच्याकडं नवा असताना तुम्हाला स्टुलावर बसवून पहिला फोटो काढला होता, तो. आठवतो का? ओली निगेटिव्ह उजेडाला धरून तुम्ही म्हणाला होता, "कॉलर लई बेस आलीय. डोळं कुठं गेलं?" मग खिशातली रिटचिंगची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "ही घे. देवीचे वण बुजतील हिच्यानं. डोळं येत नसतात." तीच चूक आता दरवाजाएवढी मोठी होऊन चौकात लटकत होती: शर्टाच्या कॉलरीचा दोरा न् दोरा मोजावा आणि वर दोन पुसट डाग. येणारेजाणारे त्या डागांना नमस्कार करत होते. मला त्यांचा राग आला, तुमच्या पोराचा आला, खरं सांगायचं तर तुमचाही आला.

पुण्यतिथी झाल्यावर बॅनर उतरवून घरी आणला. पुढाऱ्यांची रांग कात्रीनं कापली आणि कचऱ्यात टाकली. तुम्हाला काही कापवलं नाही. गच्चीवर दुर्बीण झाकायला फ्लेक्स बरा, असं बायकोला सांगितलं. तिनं विश्वास ठेवल्याचं दाखवलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. काल एकटाच असताना मी तुमचा गाल नखानं खरवडून पाहिला. खाली माझे तारे निघणार नाहीत हे मला कळत होतं, तरीही. खाली पांढरं प्लॅस्टिक निघालं. तो ओरखडा पाहवेना म्हणून तुमचीच पेन्सिल शोधून काढली, टोक केलं आणि बुजवत बसलो. फ्लेक्सवर पेन्सिल धरत नाही, मास्तर.