न मारलेली हाक

प्रिय प्रतिक्षा,

तुझा फोन ठेवल्यापासून कशात लक्ष लागत नाही. तुझ्या नऊ मिनिटांच्या कार्टून फिल्मचा दीड तासाचा सिनेमा करायला कंपनी तयार आहे आणि तू नको म्हणतेस. का, तर बारामतीत ती दाखवली तेव्हा तुझे पप्पा मध्येच उठून गेले. मी गेले होते त्याच्यामागे. दादासो गाडीला टेकून उभा होता. म्हणाला, "आत लई उकडतंय." जानेवारीत.

फिल्ममधली मेंढपाळाची पोर म्हणजे मी, हे तुला ठाऊक आहे. वडील, म्हणजे आपले आबा, तिला शाळेत घालून कळपासोबत पुढे जातात, एवढंच मी सांगितलं होतं. तिला भाऊ होता, हे सांगितलं नाही.

तेव्हा आमची मेंढरं लोणी भापकरला एका शेतात खतासाठी बसवली होती. बारामतीहून मिशनच्या शाळेच्या सिस्टर आल्या. बोर्डिंगात एकाच मुलाची जागा होती. मी दहाची, दादासो आठचा. तो पुडीचा कागदही वाचून काढायचा; मला अक्षरं धड लागत नव्हती. आबा म्हणाले, "मेंढरं ज्याच्या हाकंला येत्यात, त्यो हितंच ऱ्हाईल. दुसऱ्याला न्या." आम्हाला शेताच्या दोन टोकांना उभं केलं.

मेंढरं माझ्याच हाकेला यायची. त्या सकाळी मी तोंडाशी हात नेले, गाल फुगवले, पण आवाज काढलाच नाही. आबांना वाटलं, वाऱ्यानं गेला. सगळा कळप दादासोकडे वळला. पहिल्यांदाच मेंढरं आपल्याकडे आली म्हणून तो आधी खुदकन हसला गं. मी निघताना मात्र म्हणाला, "ताई, तू वरडली का न्हाईस?" पुन्हा कधी विचारलं नाही.

फिल्मसाठी तू माझ्याकडून ती हाक रेकॉर्ड करून घेतलीस. पन्नास वर्षांनी त्याला ती अंधाऱ्या हॉलमध्ये ऐकू आली.

तो तुझ्यावर रुसलेला नाही, बाळा. तुझी चित्रं तो डेअरीवर येईल त्याला मोबाइलवर दाखवत असतो.

शाळेत रोज प्रार्थनेला क्षमा मागायचो. नाव घेऊन मागायची राहून गेली. हे पत्र मी खरं तर त्यालाच लिहायला बसले होते. चार कागद 'प्रिय दादासो'वरच अडले, म्हणून तुला लिहिलं. रविवारी गावी कळसला ये आणि त्याला हे वाचून दाखव. मी तिथेच बसलेली असेन. दीड तासात त्या पोराला जागा द्यायची का, हे त्यालाच विचार. आणि वाचताना माझ्यासाठी एकही शब्द मवाळ करू नकोस.

तुझीच,
कौसल्याआत्या