चौऱ्याण्णव टक्के उगवण

४ मार्च
तांबेरा रोगानं यंदा सगळीकडचा गहू खाल्ला, आणि साहेबांना आमच्या तळघराची आठवण झाली! "ती जुनी जात — तांबेऱ्याला दाद न देणारी — आपल्या बियाणे-भांडारात आहे ना? उगवण किती?" मी तोंडपाठ सांगितलं, चौऱ्याण्णव टक्के. त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र टांगणीला.

५ मार्च
लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय?

नियम असा — दर पाच वर्षांनी बरणीतले शंभर दाणे ओल्या कागदावर घालायचे, उगवलेले मोजायचे, आकडा लिहायचा. पण या बरणीत दाणे उरलेत जेमतेम तीनशे. माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं होतं, "कमी असतील तर खर्चू नकोस गं. मागचाच आकडा लिही." मी तीनदा लिहिला. सतरा वर्षांची नोकरी, तीन खोटे आकडे! कामचुकारपणा नव्हता हो, माया होती. एकेक दाणा वाचवतेय असंच वाटायचं.

आज शंभर दाणे भिजत घातले.

८ मार्च
काही नाही.

१० मार्च
लेक म्हणाली, "आई, जेवत का नाहीस? ऑफिसात काही झालंय का?" डोकं दुखतंय म्हटलं. तिला सातवा लागलाय. तिच्या बाळाच्या ताटात काय पडणार, हे मी खाऊन बसलेय की काय!

बाईंना फोन केला.  हळूच म्हणाल्या — "अगं, मीसुद्धा मागचाच उतरवायचे." मग हे चौऱ्याण्णव मोजले कुणी? कधी? त्यांनाही माहीत नाही.

१२ मार्च
शंभरात शून्य. बोटानं दाबले तर लगदा.

थंडीची यंत्रं एक दिवस बिघडली नाहीत. पण दाण्यालाही वय असतं, म्हणून तर मोजायचं असतं! उगवण घसरतेय हे वेळेत कळलं असतं तर उरलेले शेतात लावून नवे दाणे करता आले असते. एवढं साधं. शिपायालाही कळेल. मला कळत होतं.

साहेबांपुढे सगळं ओकले. हाकलतील म्हणून पर्स घेऊनच गेले होते. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "दुसऱ्या केंद्रात याच जातीची जोडबरणी आहे. अशा वेळेसाठीच ठेवलीय. आजच कळवतो, शंभर दाणे लावून बघू देत." मी तिथेच रडले. लाज सोडून.

१८ मार्च
उत्तर नाही. दिवसातून दहादा साहेबांच्या दारात जाते. तेही रागावत नाहीत आता.

२३ मार्च
दुसऱ्या केंद्राचं पत्र आलं. त्यांचाही एकही दाणा उगवला नाही. खाली लिहिलंय — "तुम्ही दर पाच वर्षांनी तपासत होता, म्हणून आम्ही आमचे दाणे खर्चले नाहीत. तुमचाच आकडा लिहीत आलो."