कवळीवाल्याचं पुढे काय झालं

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा झोपला! मालिकेचं सुरुवातीचं गाणं संपायच्या आत. मान मागे, तोंड उघडं, हातात रिमोट घट्ट. काढून घ्यायला गेले तर म्हणतो कसा – "बघतोय मी." डोळे मिटून बघतोय!

बस चालवणाऱ्या माणसाशी लग्न केलं की हे आलंच म्हणा. मी पहाटे कूस बदलते तेव्हा हा डेपोत पोचलेला असतो. संध्याकाळी मी कवळ्या बनवायच्या लॅबमधून येते तोवर याची भाजी चिरून झालेली असते. मग जेवण, मग सोफा, मग मालिकेचा एक भाग. दिवसभरात दोघांचा म्हणून वेळ तो तेवढाच. आणि त्यात हा घोरतो.

मालिका छान आहे पण. मोठं हॉटेल, एका पाहुणीची लाल बॅग गायब, सगळ्यांवर संशय. माझा संशय हॉटेलच्या मालकिणीवर. फार गोड बोलते.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज झोपला नाही. मध्ये दोनदा उठून तोंडावर पाणी मारून आला. कानाची पाळी चिमटीत धरून बसला होता. "अरे, जा की झोपायला!" – "नको, बघू ना." एक भाग संपला, पुढचा आपोआप सुरू झाला, तोही बघितला. मजा आली. आपल्या शेजारी कोणीतरी जागं असलं की मालिका वेगळीच लागते.

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना सांगत होता, हसत हसत. शाळेचा स्टॉप आला आणि गेला – बस थांबवलीच नाही! मागून बायका ओरडल्या, चिल्लरने धडाधड बेल मारली, तेव्हा कुठे ब्रेक. चिल्लर म्हणजे याचा कंडक्टर. सगळा डेपो त्याला याच नावाने हाक मारतो. खरं नाव त्याच्या आईच्या तरी लक्षात आहे की नाही कोण जाणे.

"डोळा लागला होता?"

"छे! डोळे उघडे होते. स्टॉप दिसला नाही फक्त."

फक्त म्हणे! माझा घास तोंडातच राहिला. बसभर माणसं घेऊन जातो हा. त्यांचं राहू दे, मला हा एकच आहे.

हात धुतले आणि हा टीव्ही लावायला गेला. मी रिमोट उचलून कपड्यांच्या कपाटात टाकला.

९ फेब्रुवारी, रविवार

भांडलो. कशावरून, तर मालिकेवरून! मी म्हटलं, उद्यापासून जेवलास की सरळ अंथरुणात. "आणि तू?" – मी बघेन एकटी. त्यावर नुसता चमचे पुसत बसला. मग हळूच – "मग आपण भेटायचं कधी?"

मी उरलेले चमचे ओढून घेतले आणि पुसायला लागले.

१० फेब्रुवारी, सोमवार

याला आत झोपवलं. मी बाहेर आवाज अगदी बारीक करून बसले. पाच मिनिटं झाली नसतील, आतून हाक – "कोण ओरडलं गं? मालकीण का?" थोड्या वेळाने – "आता दार कोणी लावलं?" घ्या! भिंतीपलीकडून मालिका बघणारा नवरा! वैतागून टीव्ही बंद केला, आत जाऊन याच्या उशाशी बसले आणि झालं तेवढं सांगितलं. मालकीण कशी घाबरली, लिफ्टवाला कसा खिशात काहीतरी लपवत होता. हा डोळे मिटून "हं… हं…" करत होता. मग "हं" थांबलं. श्वास एका लयीत.

गंमत म्हणजे मला राग आला नाही. सोफ्यावर झोपतो तेव्हा एकटं सोडून गेल्यासारखं वाटतं. आज वाटलं, मीच पोचवून आले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला! याला सांगितलं, मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर भाग बघेन, संध्याकाळी तुला सांगेन, तू पडून ऐकायचं. लगेच तयार झाला. इतका पटकन की मलाच नवल वाटलं.

तर आज सुट्टीत प्लास्टरच्या पोत्यांना टेकून बसले, मोबाईल लावला, आणि गाणं संपायच्या आत झोपले! अगदी नवऱ्यासारखी – तोंड उघडं, हातात मोबाईल. लॅबच्या मॅडमनी हलवून उठवलं. "उठा, साचे वाळून चाललेत."

संध्याकाळी हा पाय पसरून तयार. "हं, सांग." काय सांगणार, कपाळ! दिवसभर डोळ्यांसमोर होती ती कवळी. म्हणून म्हटलं – हॉटेलात एक नवा पाहुणा आलाय. म्हातारा, ऐटबाज. झोपताना कवळी पाण्याच्या ग्लासात ठेवतो. सकाळी उठून बघतो तर ग्लास रिकामा!

याने डोळे उघडले. "कवळी कोण चोरेल?"

"तेच तर!" मी म्हटलं. मला तरी कुठे माहीत होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सुट्टीत मोबाईल काढलाच नाही. सरळ पोत्यांना टेकले आणि झोपले. काय ती झोप! उठल्यावर हात इतके हलके की खालच्या जबड्याचे दात एका दमात बसले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर डोक्यात कवळीवाला. मेणात दाढा लावता लावता त्याला हॉटेलच्या गच्चीवर नेला, तिथून स्वयंपाकघरात. तिथे एक अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यावर चाव्याची खूण – एकसारखी, सरळ. खऱ्या दातांची ओळ अशी नसते, एखादा तरी वाकडा असतोच. म्हणजे चोर ती कवळी स्वतः घालून फिरतोय!

हे सुचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हसत हसत दात बसवू नका हं, गिऱ्हाईक जन्मभर हसत राहील."

संध्याकाळी सफरचंद सांगितलं तर हा पोट धरून हसला. म्हणाला, "तुझ्या मालिकेत सगळ्यांचे दातच फार दिसतात गं." जीभ चावली मी. पण पुढे काही विचारलं नाही त्याने. कूस बदलली, झोपला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मी आज लिफ्टवाल्याला अगदी साधासरळ करून टाकला. आजारी बहीण वगैरे दिली. हा झोपेत बोलल्यासारखा – "लिफ्टवाला? अरे पण तोच तर –" आणि गप्प.

"तोच तर काय?"

"काही नाही. चांगला आहे बिचारा. तू सांग."

पेंगत होता. पेंगताना माणूस काहीही बरळतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेच्या स्टॉपवरच्या शिक्षिका याला म्हणाल्या, "हल्ली ताजेतवाने दिसता!" आल्या आल्या मला सांगितलं. दोनदा सांगितलं. मी इतकी सुखावले की भाजीत मीठच घातलं नाही. तशीच खाल्ली दोघांनी.

२३ फेब्रुवारी, रविवार

हा केस कापायला गेला होता. म्हटलं, खरी मालिका बघून घेऊ, गाडी रुळावर आणू. लावली. मालकीण रडतेय, लिफ्टवाला बघतोय, वाद्यं वाजताहेत. आणि माझा कवळीवाला कुठेच नाही! दहा मिनिटांत बंद केली. ओळखीच्या घरी गेल्यावर दार परक्याने उघडावं तसं झालं.

पण आता भीती वाटायला लागलीय. खरंच. डेपोत सगळे मालिका बघतात. एक दिवस कोणीतरी याला खरा शेवट सांगणार. मग हा मला विचारणार – इतके दिवस काय थापा मारत होतीस? चिडला तर चिडू दे, चिडणं मला चालतं. पण दुखावला तर? आणि आमचा वेळ? पुन्हा तो सोफा, पुन्हा तोंडावर पाणी, पुन्हा कानाची पाळी! नको गं बाई.

सांगून टाकावं का? उद्या सांगते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं. कवळीवाला लिफ्टमध्ये अडकलाय, त्याला तसा कसा सोडू?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगायचंच ठरवून उशाशी बसले. "ऐक, मला एक सांगायचंय." याने डोळे मिटूनच माझा हात शोधला, पोटावर ठेवून घेतला. "अंधार झाला होता लिफ्टमध्ये," म्हणाला. "तिथपर्यंत आलो होतो आपण."

मग काय, लिफ्ट सुरू केली. भित्री आहे मी एक नंबरची. पण खोटं कशाला लिहू, इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

१ मार्च, शनिवार

लॅब अर्धा दिवस होती. स्टॉपवर आले तर नेमकी याचीच बस. हा काचेपलीकडे, पुढे बघत. चढले तर चिल्लर तिकीट द्यायचं सोडून – "वहिनी, कवळीवाल्याचं पुढे काय झालं? भाऊ रोज डबा खाताना सांगतात. काल म्हणाले, ती सांगता सांगता मला झोप लागली!"

म्हटलं, "अरे, बघ की मालिका."

"ती? ती आम्ही दोघांनी माझ्या मोबाईलवर कधीच संपवली. शाळेचा स्टॉप चुकला ना, त्याच्याही कितीतरी आधी. लिफ्टवाला चोर निघतो. काही दम नाही. तुमची मस्त आहे."

त्याच्याही आधी. म्हणजे ते तोंडावर पाणी, ती कानाची पाळी – सगळं बघून झालेल्या मालिकेसाठी!

संध्याकाळी जेवला, पडला, डोळे मिटले. "हं. पुढे?"

सांगितलं. आज मुद्दाम लांबवलं.