वर्गावर ताबा नाही

११ फेब्रुवारी १९५७
अण्णासाहेबांनी बंगल्यावर बोलावून घेतलं. संस्थेचे कार्याध्यक्ष आता निवडणुकीला उभे! "हेडमास्तर, शाळा सुटली की शिक्षकांनी घरोघर फिरायचं. पालक मास्तरांचं ऐकतात." मी "बरं" म्हटलं. नुसतं बरं!

१२ फेब्रुवारी
सगळे निमूट निघाले. मीसुद्धा— ओळखीच्या पालकांच्या दारात हात जोडून उभा. रत्नप्रभा तेवढी आली नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, मी भूगोल शिकवायला आलेय. मतं मागायला नाही." पोरगी अजून नोकरीत कायम नाही, तरी बोलली. मी कायम आहे.

६ एप्रिल
अण्णासाहेब निवडणुकीत पडले. आज मंडळाची बैठक. रत्नप्रभाला कायम करायचं की काढायचं? त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय हो, बाईंचा वर्गावर ताबा आहे का?"
तिच्या तासाला व्हरांड्यातून जाताना वाटतं वर्ग रिकामा आहे— इतकी पोरं गुंग असतात.
"ताबा नाही," मी म्हणालो.
तिला काढायचा ठराव झाला. मग चहा आला. प्यालो.

७ एप्रिल
जेवण गेलं नाही. "अहो, बरं नाही का?" मृणालिनीने विचारलं. ऊन लागलं म्हणालो. बायकोशीही खोटं!

१४ एप्रिल
रत्नप्रभा घरी आली. नाहूरहून चालत, भर उन्हात. वडिलांची गिरणीतली नोकरी सुटलीय, घर हिच्याच पगारावर. म्हणाली, "सर, तुम्ही माझ्या बाजूने बोलला असणार. त्यांनी ऐकलं नसेल, दुसरं काय!" मृणालिनीने तिला बळेच माझ्याबरोबर जेवायला बसवलं. चेंबूरच्या एका शाळेत जागा आहे. तिथला हेडमास्तर श्यामसुंदर माझा वर्गमित्र. "शब्द टाकाल का?" टाकतो म्हटलं. ताटातून मान वर करवली नाही.

२७ एप्रिल
चेंबूरला गेलो. श्यामसुंदर हसायलाच लागला. "अरे, तिचा अर्ज आला तेव्हाच मी तुझ्या अण्णासाहेबांकडे चौकशी केली. ते म्हणाले, तूच सांगितलंस, पोरीचा वर्गावर ताबा नाही. आणि आता तूच शिफारस करतोस? खरं काय रे?"
'आता सुधारलीय' असं म्हणणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं— शी!
"बैठकीत खोटं बोललो. अण्णासाहेबांना घाबरलो."
त्याचं हसू गेलं. "तिला सोमवारी पाठव," म्हणाला. "तू मात्र, यार..."
तसाच नाहूरला तिच्या चाळीत गेलो. सोमवारचं सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की तेवढ्यावरच परतावं वाटलं. पण बैठकीतलंही सांगितलं, दारात उभ्यानेच. "तुम्ही?" एवढंच म्हणाली. आत या म्हणाली नाही.

२८ एप्रिल
मृणालिनीला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी तिला तुमच्या पंक्तीला बसवलं!"

११ मे
मंडळापुढे उभा राहून सगळं कबूल केलं. तिचा ठराव रद्द करा म्हटलं. तो राहिला तसाच. मला मात्र काढलं. कारण अण्णासाहेबांनीच मोठ्याने वाचलं— मुख्याध्यापकांनी मंडळास खोटी माहिती दिली.
कारण खरं आहे.