गोळ्यांची हिरवी खूण

२ मार्च, सकाळी ७
सगळ्यांची चौकशी केली. ही: बरी आहे, गोळ्या चालू. लेक, फोनवर: सर्दी, पण नोकरीपुढे सर्दीला कोण विचारतो. शेजारचे मास्तर: गुडघा तोच. कॉम्प्युटर: पंखा घरघरतो, नाडी ठीक.
संकल्प: हिच्यासाठी डेस्कटॉप ॲप. हृदयाच्या दोन गोळ्या, अंगातलं पाणी उतरवायची एक. घेतली की नाही ते ही विसरते, म्हणून फ्रिजवरच्या कागदावर फुल्या मारते. या युगात पेन्सिल!

३ मार्च
लेक म्हणाली, बाबा, वेब पेज येतं ना तुम्हाला, तेच चौकटीत बसवा, झालं ॲप. एक कमांड दिली. फोल्डरमध्ये चाळीस हजार फायली उतरल्या. घर पाहुण्यांनी भरलं, ओळख एकाचीही नाही.

५ मार्च
ॲपची खिडकी उघडली. पांढरीफटक. दिवसभर माझ्याकडे बघत राहिली. मास्तर डोकावून म्हणाले, वा, भिंत झाली, दार कधी? दुर्लक्ष केलं.

६ मार्च
पान दिसलं! तीन गोळ्या, तीन गोल. नोंद मात्र साठत नाही. खिडकी आणि मागचा प्रोग्राम यांची बोलाचाली बंद, भांडलेल्या जावांसारखी. होईल. तोवर रंग कसा दिसतो ते बघायला तिन्ही गोलांत हिरवी खूण कोडमध्येच पक्की लिहून टाकली. देखणं दिसतं.
कॉम्प्युटर ओट्याजवळ मांडला. कागद रद्दीत. हिला सांगितलं, हिरवं दिसलं की गोळी पोटात गेली समज. म्हणाली, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार. बत्तीस वर्षांत प्रथमच.

८ मार्च
ही खूश. सकाळी हिरवं बघते आणि कामाला लागते. चपला घट्ट होतात म्हणाली. या हवेत चामडं आटतं.

१० मार्च
आयकॉन केला. ही जिन्यात मध्येच बसली. जिनाच उभा आहे. लेकीने विचारलं, टेस्ट केलंत का? म्हटलं, आईच करतेय. लेक म्हणाली, आईच? कौतुकाने म्हणाली असावी.

१२ मार्च, सकाळी ६.३०
आडवं झालं की दम लागतो, म्हणून ही बसूनच झोपते. उशी पातळ झालीय. मास्तर म्हणाले, डॉक्टरांना दाखवा. म्हटलं, एकही गोळी चुकलेली नाही, स्क्रीन बघा. त्यांनी पाहिलं. तिन्ही हिरवे. त्यांनी विचारलं, वहिनी उठल्या का? म्हटलं, नाही अजून. मास्तरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, मग घड्याळाकडे दाखवलं. ॲप वेळेच्या पुढे आहे, एवढंच.

१३ मार्च
हिला सकाळी दवाखान्यात हलवलं. फुप्फुसात पाणी. डॉक्टरांनी घरून गोळ्यांच्या पट्ट्या मागवल्या आणि गोळ्या मोजल्या. सहा तारखेनंतर एकही फोडलेली नाही. ही ऑक्सिजनच्या मास्कमधून डॉक्टरांची माफी मागत होती: माझंच डोकं चालत नाही, यांनी एवढं करून दिलं तरी विसरले. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.
लेकीला पाठवलेला मजकूर इथे उतरवतो:
आईला लागणारा दम थोडा कमी आहे, पण डॉक्टर दोन दिवस काही बोलायला तयार नाहीत. तू नीघ. ती काही विसरली नव्हती, खूण मी लिहिली होती. हे तिला मीच सांगणार आहे. चार वेळा तिच्या उशाशी बसलो आणि उठलो. पहिलं वाक्य जमत नाही. तेवढं लिहून पाठव. लवकर पाठव.