शेळीनं मोडलेलं धनुष्य

२ फेब्रुवारी १९९६, दुपार

खताच्या दुकानातनं फुकट आलेली डायरी. आमचे मालक म्हणले, चौथी शिकलेल्या बायकूला डायरी कशाला? म्हणून मुद्दाम घेतली.

आज आमच्या योगिनीचं धनुष्य मोडलं. शाळेचं, सरावाला घरी दिलेलं. शेवग्याच्या शेंगा पार शेंड्याला. शेंगा काढायची आकडी मालकांनी कुठं टाकली देव जाणे, आन् हे दारामागं हाताशी हुतं. दोन शेंगा पडल्या आन् कडाक. मूळचंच किडकं असणार. चांगलं धनुष्य शेंगेनं मोडतं का?

योगिनीला सांगितलं, शेळीनं तुडवलं. शेळीचं काय जातंय, ती थोडीच बोलतीय.

पोरगी रडली न्हाय. दोरीत अडकलेला कसलातरी पाला काढत बराच वेळ बसली.

३ फेब्रुवारी

मानसिंग सर घरी आले. २५ तारखेला बारामतीला जिल्ह्याच्या टीमची निवड. शाळेकडं दुसरं धनुष्य न्हाय. कुठनंबी आणा, न्हायतर पोरीचं नाव कमी करतो म्हणले. योगिनी म्हणली, वर्गातल्या पायलच्या वडलांनी तिला नवं घेऊन दिलंय, ते मागू. मी म्हणले, मागायचं न्हाय. आपुण काय झोळी घेऊन बसलोय? धनुष्य मी घरी करते.

सर हसले. दात बरे हायत त्यांचे. मी सांगितलं, माझं माहेर निमगाव केतकीचं, मेंढरांमागं फिरलेली माणसं. माझ्या बापाची काठी चाळीस वर्सं टिकली. धनुष्य म्हंजे काय, वाकलेली काठी. आठ दिवसांत देते.

जाताना सर म्हणले, शेळीनं तुडवून एवढं जाड मोडलं? योगिनी म्हणली, आमची शेळी लई हुशार हाय सर, तिला उंचावरचंबी काढता येतं.

पोरीनं माझी बाजू घेतली. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

भिगवणला गेले, धोंडीबा सुताराकडं. म्हातारा लई शहाणा. धनुष्याच्या पोटाला धामणीचं लाकूड, पाठीला बांबूची पट्टी, बांबूची साल बाहेर, मधी चिकटवायला सरस. ताणलं की पाठ वढली जाती, ते बांबू सोसतो. पोट दाबलं जातं, ते लाकूड सोसतं. दोघं चिकटून राह्यली तर धनुष्य, न्हायतर सरपण. संसारासारखंच, ताई, म्हणाला. मी म्हणले, संसाराचं मला नगा सांगू, लाकूड काढा.

निघताना पुन्हा वरडला, चिकटवायच्या बाजू कोऱ्या ठेव गं, हातबी लावू नगंस. ऐकून घेतलं. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कुणी मिळत न्हाय.

८ फेब्रुवारी

पट्टी विळ्यानं तासली. मालक म्हणले, धोंडीबाचा रंधा आण. रंधा म्हंजे सुताराचे नखरे. एक टोक जाड झालं, एक पातळ. माणसाचे दोन हात तरी कुठं सारखे असतात?

बोटाला चिंधी.

योगिनी शाळा सुटली की भिगवणला पायलकडं, अंधार पडता घरी. गणिताचा अभ्यास म्हणे. आई हितं बोटं कापून घेतीय आन् हिला गणित सुचतंय.

११ फेब्रुवारी

आठ दिवस झाले. आठ म्हंजे कामाचे आठ, असा सरांना निरोप धाडला.

आज दोन्हीला तेल पाजलं. करडईचं. बांबूला आन् धामणीला, आतनं, बाहेरनं, सगळीकडनं. माहेरी तेल पाजल्याबिगर नवी काठी कुणी हातात घेत न्हाय, तडकती. धोंडीबाला हे कुठनं ठाऊक, तो खाटा ठोकणारा. चार दिवस तेल, मग चार दिवस ऊन.

हात लावू नगं म्हणाला हुता. हात न्हाय लावला. फडक्यानं लावलं.

१९ फेब्रुवारी

सरस शिजवला. वास असा की मालक ताट उचलून गोठ्यात गेले. शेळीला चालला तो वास, ह्यांना चालंना.

सरस लावला तर चिकटंना. अळवाच्या पानावर पाणी पळतं तसा पळतोय. म्हाताऱ्यानं भेसळीचा दिला. दुप्पट थापला. सायकलची ट्यूब कापून पट्ट्या केल्या आन् ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत करकचून आवळलं. मालक म्हणले, अगं, नवी ट्यूब ती! मी म्हणले, पोरीच्या भविष्यापुढं ट्यूब काय घेऊन बसलाय? आता चालत जातात. तब्येतीला चांगलं.

२२ फेब्रुवारी

सुकलं. ट्यूब एका जागी सोडून बघितली. फट दिसली. पुन्हा बांधली. ट्यूब काढायचीच असती, असं कुठं लिवलंय? काळं, चकचकीत. उलट शोभा आली.

योगिनीला म्हणले, वढून बघ. म्हणली, नगं आई, एकदम बारामतीतच. केवढा विश्वास माझ्यावर! डोळ्यांत पाणी आलं. सरसाचा वासबी हुताच.

२५ फेब्रुवारी, सकाळ, बारामती स्टँड

एस.टी.त धनुष्य मांडीवर आडवं. कंडक्टर म्हणला, मावशी, सीता पळवली का कुणी? मी म्हणले, तू तिकीट फाड.

मानसिंग सरांना दाखवायचंय. आठ दिवसांत. कामाच्या.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

सरांनी दोरी चढवली. वढली. फाट्.

ट्यूब सरांच्या कानावर. बांबू एकीकडं, धामण एकीकडं, दोरी मधी लोंबतीय. सरांनी फटीतनं बोट फिरवलं, वास घेतला आन् म्हणले, बाई, ह्याला फोडणी कुणी दिली? सगळं मैदान हसलं. मी पदर तोंडाला लावला, ऊन हुतं.

तवर पायलनं आपलं धनुष्य योगिनीच्या हातात दिलंबी. दोघींनी पाळीपाळीनं बाण मारले. योगिनीनं दोरी अशी वढली, जशी रोज वढती. रोजच वढत हुती. तीन आठवडं. गणित.

माझ्या धनुष्यावर तिनं एक दिवससुदिक भरोसा ठेवला न्हवता. आन् ते मला कळूबी दिलं न्हाय.

दोघींची निवड झाली. आईची जिद्द बघून पोरगी घडती, असं मालकांना सांगितलं. ते आपले पाय चोळत बसले. चालून दमले असतील.

२७ फेब्रुवारी

मालकांनी बांबूच्या पट्टीच्या टोकाला आकडा बांधला. शेंड्याच्या शेंगा सटासट खाली. तेल पाजलंय, आता ही कवा तडकणार न्हाय, असं मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणले.

शेंगांची आमटी केली. योगिनी दोन वाट्या प्याली. तिसरी घेताना म्हणली, आई, त्या दिवशी दोरीत शेवग्याचा पाला हुता.

मी तव्यावरची भाकरी उलटली. झालेली हुती, तरी उलटली.

म्हणली, शेळीला सांग, मी रागावले न्हाय म्हणून.

गोठ्यात जाऊन शेळीला सांगितलं. वरनं मूठभर पाला जास्तीचा घातला. लगीच आत यायला जमलं न्हाय.